अझाझेलचा बकरा : एका हिब्रू शब्दाचा अर्थप्रवास

१

समीक्षेच्या परिभाषेत काही संज्ञा इतक्या रुळून गेलेल्या असतात की त्यांच्या उगमाची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. 'स्केपगोट' ही संज्ञा अशांपैकी एक होय. मानवशास्त्र, मानसशास्त्र, शोकात्मिकेचा विचार, आदिबंधात्मक समीक्षा या सर्वच क्षेत्रांत ती वावरते. समूहाने आपला दोष एखाद्या निरपराध व्यक्तीवर ढकलावा आणि तिचा नाश करून स्वतः शुद्ध झाल्याचे समाधान मिळवावे, असा तिचा सर्वमान्य आशय आहे. मराठीत या संज्ञेसाठी आपण 'बळीचा बकरा' हा शब्दप्रयोग योजतो. तो इतका सहज आहे की तो अनुवाद आहे, याचेही भान राहत नाही.

या संज्ञेच्या मुळाशी एक हिब्रू शब्द आहे : 'अझाझेल'. हिब्रू बायबलमध्ये तो केवळ चार वेळा येतो आणि चारही वेळा एकाच प्रकरणात येतो (लेवीय १६:८, १६:१० मध्ये दोनदा आणि १६:२६). ज्या विधीच्या वर्णनात तो येतो त्या विधीत दोन बकरे आहेत. त्यांपैकी एकाचा बळी दिला जातो. अझाझेलच्या वाट्याला जातो तो दुसरा, म्हणजे ज्याचा बळी दिला जात नाही तो. 'बळीचा बकरा' हे नाव आपण नेमके त्या बकऱ्याला दिले आहे, जो वेदीवर कधी गेलाच नाही. ही केवळ भाषांतरातील चूक असती तर ती कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु या अर्थांतरामागे सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि आपण साहित्यकृती कशा वाचतो याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे टप्पे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

२

प्रथम मूळ संहितेकडे वळू. लेवीयच्या सोळाव्या प्रकरणात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, म्हणजे योम किप्पुरचा, विधी सांगितला आहे. अहरोनाने इस्राएलाच्या मंडळीकडून दोन बकरे घ्यावेत, त्यांना दर्शनमंडपाच्या दारी परमेश्वरापुढे उभे करावे आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात : एक चिठ्ठी परमेश्वरासाठी, एक अझाझेलसाठी. परमेश्वराच्या नावाची चिठ्ठी ज्या बकऱ्यावर निघेल त्याचा वध करून त्याचे रक्त पडद्याच्या आत नेले जाते आणि कोशावरील झाकणावर व त्याच्यासमोर शिंपडले जाते. दुसरा बकरा जिवंत ठेवला जातो. अहरोन आपले दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो, इस्राएलाचे सर्व अन्याय, सर्व अपराध, सर्व पापे उच्चारून कबूल करतो, ती बकऱ्याच्या 'डोक्यावर' ठेवतो आणि नेमलेल्या माणसाच्या हाती त्याला रानात पाठवून देतो. तो बकरा ते सारे ओझे वाहून 'एरेत्स गझेरा'मध्ये, म्हणजे तुटलेल्या, वस्तीपासून छेदून टाकलेल्या भूमीत नेतो. त्याला सोडून येणाऱ्या माणसाने कपडे धुऊन व स्नान करूनच छावणीत परत यावयाचे असते.

या वर्णनातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट, दोन बकऱ्यांची कार्ये भिन्न आहेत. मारलेल्या बकऱ्याचे रक्त पवित्रस्थानाची शुद्धी करते. तेथे साचलेला विटाळ ते दूर करते. जिवंत बकऱ्याकडे लोकांची पापे सोपविली जातात. जेकब मिलग्रॉम यांनी लेवीयवरील आपल्या भाष्याच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात हा भेद तपशीलवार मांडला आहे. पाचव्या वचनात दोन्ही बकऱ्यांना मिळून 'हत्तात' हा शब्द वापरला आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. 'हत्तात'चा रूढ अनुवाद 'पापबली' असा आहे. परंतु मिलग्रॉम यांच्या मते त्या शब्दाचा गाभा 'शुद्धीकरण' हा आहे. आणि पुढे प्रत्यक्ष विधी सुरू झाल्यावर रक्त, अग्नी, वेदी यांपैकी कशाचाही संबंध जिवंत बकऱ्याशी येत नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. जिवंत बकऱ्यासाठी वधाचे क्रियापद येत नाही. येते ते 'शिल्लाह' हे. त्याचा अर्थ पाठविणे, जाऊ देणे, सोडणे. हिब्रू बायबलमध्ये या एका क्रियापदाचा विस्तार विलक्षण आहे. नोहा तारवातून कावळा आणि कबुतर सोडतो ते याच क्रियापदाने. माझ्या लोकांना जाऊ दे, असे मोशे फारोला बजावतो तेही याच धातूने. परंतु आदामाला एदेन बागेतून बाहेर घालविले जाते, अब्राहाम हागारला तिच्या मुलासह रानात धाडतो आणि नवरा बायकोला सूटपत्र देऊन घराबाहेर काढतो, तेथेही हेच क्रियापद आहे. मुक्ती आणि हद्दपारी हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात एकत्र नांदतात. लेवीयच्याच चौदाव्या प्रकरणात महारोगातून बरे झालेल्याच्या शुद्धीसाठी दोन पक्षी घ्यावयास सांगितले आहेत. एक मारला जातो. दुसरा पहिल्याच्या रक्तात बुडवून उघड्या माळावर सोडून दिला जातो. त्या सोडलेल्या पक्ष्याला बळी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अझाझेलचा बकरा त्याच जातीचा आहे.

३

मग 'अझाझेल' म्हणजे काय? या प्रश्नाची परंपरेने दिलेली उत्तरे चार प्रकारची आहेत. पहिल्या उत्तरानुसार हा जोडशब्द आहे : 'एझ' म्हणजे शेळी आणि 'आझल' म्हणजे गेला, म्हणून 'जाणारा बकरा'. दुसरे उत्तर रब्बींचे. त्यांनी या शब्दात कठीणपणाचा व बळाचा अर्थ पाहिला आणि ते एका खडतर कड्याचे नाव मानले. तिसरे उत्तर आधुनिक कोशकारांचे. अरबीतील दूर करणे या अर्थाच्या धातूशी संबंध जोडून त्यांनी 'संपूर्ण निरसन' असा भाववाचक अर्थ सुचविला. चौथ्या उत्तरानुसार अझाझेल हे रानात राहणाऱ्या एका सत्तेचे, भुताचे वा पतित देवदूताचे नाव आहे.

संहितेची रचना चौथ्या उत्तराला अनुकूल आहे. 'परमेश्वरासाठी' आणि 'अझाझेलसाठी' या दोन पदांचा तोल असा आहे की एका बाजूला विशेषनाम असताना दुसऱ्या बाजूलाही विशेषनामच अपेक्षित ठरते. शिवाय बकरा 'अझाझेलसाठी' असेल तर तो स्वतःच अझाझेल असू शकत नाही. त्यामुळे पहिली व्युत्पत्ती व्याकरणाच्या कसोटीवर अडखळते. मृत समुद्राजवळ सापडलेल्या हस्तलिखितांपैकी 'मंदिराची गुंडाळी' या संहितेत या शब्दाचे लेखन थोडे वेगळे आहे. त्यातील अक्षरांच्या क्रमामुळे शब्दाचा शेवट 'एल', म्हणजे देव, असा स्पष्ट दिसतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमाराच्या हनोखाच्या ग्रंथात असाएल नावाचा देवदूत माणसांना शस्त्रे आणि अलंकार घडविण्यास शिकवितो, त्याला बांधून अरण्यात टाकले जाते आणि सारे पाप त्याच्या नावे लिहिण्याची आज्ञा होते. त्याच ग्रंथाच्या इथिओपिक रूपात त्याचे नाव अझाझेल असेच येते.

मध्ययुगीन भाष्यकारांना हे उत्तर अडचणीचे होते. एकाच देवाची उपासना सांगणाऱ्या धर्मशास्त्रात दुसऱ्या कोणाला काही द्यावयाचे कसे? बाराव्या शतकातील इब्न एझ्रा याने या शब्दाचे रहस्य कोड्यात सांगितले : तू तेहतीस वर्षांचा होशील तेव्हा तुला ते कळेल. तेराव्या शतकात नाह्मानिदेस याने ते कोडे उघड केले. या वचनापासून तेहतीस वचने पुढे गेले की लेवीय १७:७ येते आणि तेथे रानातील बोकडरूपी भुतांना यापुढे यज्ञ करू नका, असा निषेध आहे. म्हणजे अझाझेलला पाठविलेला बकरा हा यज्ञ नव्हे. तसे मानणे हेच पाप होय. भाष्यकारांच्या या सावधपणाचे मर्म असे की, हा बकरा बळी नाही हे सांगणे त्यांना धर्मदृष्ट्या अत्यावश्यक वाटत होते.

या विधीचे नाते प्राचीन पश्चिम आशियातील निरसनविधींशी आहे. बोगाझकोय येथील हित्ती मृत्फलकांत, छावणीत रोगराई पसरली असता रंगीत लोकरीने सजविलेले मेंढे शत्रूच्या मुलखाकडे हाकलून देण्याचा विधी नोंदलेला आहे. तेथेही प्राणी मारावयाचा नसतो, सीमेपार घालवावयाचा असतो. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की हित्ती विधी रोग शत्रूच्या दारात नेऊन टाकतो. लेवीय मात्र तो अशा भूमीत पाठवितो जेथे कोणीच राहत नाही.

४

या शब्दाच्या अनुवादांचा इतिहास हा त्याच्या अर्थांतराचा इतिहास आहे. सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराने विशेषनाम वगळून 'अपोपोम्पाइओस', म्हणजे दूर धाडण्याशी संबंधित, असा शब्द घेतला आणि सव्विसाव्या वचनात तर 'सुटकेसाठी वेगळा केलेला बकरा' असे म्हटले. जेरोमने लॅटिनमध्ये 'कापेर एमिसारिउस', म्हणजे पाठविलेला बकरा, अशी रचना केली. फ्रेंचमधील 'बूक एमिसेर' तिचेच अपत्य. १५३० साली विल्यम टिंडल याने पंचग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यात 'स्केपगोट' हा शब्द प्रथम घडविला. त्याचा पूर्वार्ध 'एस्केप' या क्रियापदाचे संक्षिप्त रूप आहे. म्हणजे टिंडलच्या शब्दाचा वाच्यार्थ 'निसटलेला बकरा', 'सुटलेला बकरा' असा होतो. १६११ च्या अधिकृत भाषांतराने हा शब्द स्वीकारून तो सर्वत्र नेला; १८८५ च्या सुधारित आवृत्तीने मात्र तो बाजूला सारून 'अझाझेल' हे विशेषनाम परत संहितेत आणले. तोपर्यंत फार उशीर झाला होता. 'स्केपगोट' बायबलच्या बाहेर पडून एकोणिसाव्या शतकातील सर्वसामान्य इंग्रजीत लाक्षणिक अर्थाने स्थिरावला होता.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे लक्षणा रूढ झाली आणि अभिधा विस्मृतीत गेली. लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध आणि मुख्यार्थाशी संबंध या दोन्हींची अपेक्षा असते. 'स्केपगोट'च्या बाबतीत संबंध उरला तो फक्त दोष लादण्याचा. निसटणे, सुटणे हा जो मुख्यार्थ, त्याचा नुसता बाध झाला नाही; त्याच्या जागी त्याच्या विरुद्ध अर्थ येऊन बसला. जो सुटला त्याचे नाव, जो सुटू शकला नाही त्याला मिळाले.

५

हे कसे घडले? पहिला टप्पा यहुदी परंपरेतच आढळतो. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाच्या 'योमा' या प्रकरणात दुसऱ्या मंदिराच्या काळातील विधीचे वर्णन आहे. दोन्ही बकरे रूप, उंची आणि किंमत यांत सारखे असावेत, असा तेथे दंडक आहे. त्यांच्यात भेद करते ती केवळ चिठ्ठी. जिवंत बकऱ्याच्या शिंगांना किरमिजी लोकर बांधली जाते. वाटेत लोक त्याचे केस ओढून 'घे आणि जा' असे ओरडतात. आणि अखेरीस त्याला एका कड्यावरून मागच्या बाजूने ढकलले जाते; अर्ध्यावर पोहोचण्याआधीच त्याच्या चिंधड्या होतात. लेवीयमध्ये यातले काही नाही. धाडलेली पापे वस्तीत परत येऊ नयेत ही धास्ती या बदलामागे असावी. सोडण्याच्या क्रियेत जी अनिश्चितता असते, ती समूहाला सहन होत नाही.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि हा विधी कायमचा थांबला. मिश्ना संकलित झाली त्या वेळी त्याला सुमारे १३० वर्षे लोटली होती. तेव्हापासून हा बकरा केवळ शब्दांत जगत आला आहे : मिश्नेत, भाष्यांत, योम किप्पुरच्या प्रार्थनापाठात.

दुसरा टप्पा ख्रिस्ती प्रतीकवाचनाचा. बर्णबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आरंभकालीन पत्रात दोन्ही बकरे हे येशूचेच प्रतिरूप म्हणून वाचले आहेत : वेदीवरचा तो आणि शापित होऊन, लोकर बांधून हाकलला गेलेला तोही. धर्मशास्त्रीय दृष्टीने हे वाचन समृद्ध आहे, कारण क्रुसावरील मृत्यूत यज्ञ आणि बहिष्कार एकत्र येतात. परंतु दोन बकऱ्यांचा एक बकरा होण्याची प्रक्रिया येथे पूर्ण झाली. पाप वाहणारा आणि मारला जाणारा हे एकच होत, हे समीकरण पाश्चात्त्य कल्पनाविश्वात रुजले ते या वाटेने.

६

विसाव्या शतकातील सिद्धान्तनाला हेच समीकरण वारशाने मिळाले. जेम्स फ्रेझरने 'द गोल्डन बाउ'च्या तिसऱ्या आवृत्तीतील एक संपूर्ण खंड (१९१३) या संज्ञेच्या नावाने लिहिला. देवरूप राजाचा वध आणि अरिष्टाचे निष्कासन या दोन प्रथा मुळात वेगळ्या असून त्या पुढे एकमेकींत मिसळल्या, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या वाचकांनी मिसळण उचलली, वेगळेपणा विसरला. नॉर्थ्रप फ्राय याने 'अॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम'मध्ये (१९५७) ग्रीक 'फार्माकोस' ही संज्ञा उपरोधप्रधान साहित्यातील नायकासाठी वापरली. अथेन्समध्ये थार्गेलिया उत्सवात दोन माणसांना फार्माकोस म्हणून नगराबाहेर काढले जाई. ग्रीक प्रथांच्या पुराव्याची छाननी करून यान ब्रेमर यांनी १९८३ साली असे दाखविले की प्रत्यक्ष विधीत हद्दपारी होती. वध आहे तो प्रामुख्याने दंतकथांत.

या परंपरेचा सर्वांत प्रभावी प्रवक्ता रने झिरार. १९७२ च्या ग्रंथात त्याने योजलेली संज्ञा लक्षणीय आहे : 'विक्तिम एमिसेर'. जेरोमचे 'पाठविलेला' हे विशेषण त्याने ठेवले आणि बकऱ्याच्या जागी 'विक्तिम', म्हणजे बळी, हा शब्द बसविला. संपूर्ण अर्थांतराचा इतिहास या एका जोडशब्दात गोठला आहे. झिरारचे उत्तर कल्पिता येते : विधी हे एका मूळ सामूहिक हत्येचे सौम्य झालेले रूप आहे, आणि मिश्नेतील कडा ती हत्या पुन्हा उघडी पाडतो. या उत्तरात बळ आहे. परंतु ज्या संहितेचे नाव आपण घेतो तिचा क्रम उलटा आहे. तेथे सोडणे आधीचे आणि ढकलणे नंतरचे.

याहून महत्त्वाचा भेद कबुलीचा आहे. झिरारची यंत्रणा अज्ञानावर चालते : समूहाला आपला बळी खरोखरच दोषी वाटला पाहिजे. लेवीयमधील विधी नेमका याच्या विरुद्ध आहे. तेथे महायाजक सर्वांसमक्ष उच्चारून सांगतो की ही पापे आमची आहेत. बकरा दोषी आहे, असे कोणी क्षणभरही मानीत नाही. दोष लपविणारी यंत्रणा आणि दोष उच्चारणारा विधी यांना एकच नाव देणे हा संकल्पनांचा गोंधळ आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. 'ल बूक एमिसेर' (१९८२) या ग्रंथाचा प्रारंभ झिरारने चौदाव्या शतकातील महामारीच्या वेळी यहुद्यांवर झालेल्या अत्याचारांच्या उदाहरणाने केला आहे. विहिरींत विष कालविल्याचा आरोप ठेवून ज्यांना जाळले गेले, त्यांच्याच धर्मग्रंथातील एका शब्दाने त्या हिंसेचे नामकरण झाले; जणू त्या हिंसेची कल्पना त्यांच्याकडूनच आली होती. मेरी डग्लस यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या बकऱ्याची बाजू नव्याने मांडली. इसहाक आणि इश्माएल, याकोब आणि एसाव या जोड्यांप्रमाणे एकाची निवड होते आणि दुसरा दूर जातो. दूर जाणारा जगतो, असे त्यांचे वाचन आहे.

७

आता आपल्या परिभाषेकडे येऊ. 'बळी' हा शब्द मराठीत अर्पण, वध आणि पुढे कोणत्याही आपत्तीतील मृत असा विस्तारत गेला आहे. 'बळीचा बकरा' म्हटले की सुरी अटळ होते. त्यामुळे ज्या साहित्यकृतींत समूह एखाद्याला मारतो आणि ज्यांत तो त्याला जिवंतपणी बाहेर काढतो, त्यांतील भेद आपल्या समीक्षेला टिपता येत नाही. विजय तेंडुलकरांची दोन नाटके शेजारी ठेवून पाहावीत. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) नाना घाशीरामाला जमावाच्या हाती देतो; घाशीराम मरतो आणि त्याच्याबरोबर नानाचा वाटाही पुरला जातो. येथे 'बळीचा बकरा' ही संज्ञा यथार्थ आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) मात्र अभिरूप न्यायालयाची शिक्षा बेणारेच्या पोटातील गर्भाला आहे. बेणारेला जगावयाचे आहे. खटला हा खेळच होता, असे सांगून मंडळी मोकळी होतात. त्यांच्यापैकी कोणीही आपले पाप उच्चारत नाही. ते तिच्या डोक्यावर ठेवून प्रयोगाच्या तयारीला लागतात. तिला 'बळी' म्हणून टाकले की नाटकाच्या शेवटाची खरी क्रूरता हातातून निसटते. मेलेल्याविषयी शोक करता येतो. सोडलेल्याचे काय करावयाचे, याचे उत्तर समूहापाशी नसते. ईडिपसच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. तो मरणाऐवजी हद्दपारी मागतो आणि कोलोनसला पोहोचतो तेव्हा त्याचे जगणे हीच नगरांपुढची समस्या झालेली असते.

वस्तुतः मराठीला या अर्थाचे दारिद्र्य नाही. 'एखाद्याच्या माथी खापर फोडणे' या वाक्प्रचारात दोष डोक्यावर ठेवण्याची कल्पना लेवीयइतकीच ठसठशीत आहे आणि त्यात वध नाही. उतारा ओवाळून तिठ्यावर ठेवणे, मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेणे या प्रथांत अरिष्ट नष्ट केले जात नाही, दूर केले जाते. मात्र गाडा शेजारच्या गावाच्या शिवेवर पोहोचतो आणि त्या अर्थाने तो हित्ती मेंढ्यांच्या अधिक जवळचा आहे. वृषोत्सर्गात सोडलेल्या पोळावर पाप लादलेले नसते, हा भेदही विसरता कामा नये. पण क्रियापद तेच आहे : सोडणे. आपण पिंजऱ्यातले पाखरू सोडतो, कैदी सोडतो, गाव सोडतो. आणि नवरा बायकोला 'सोडतो' तेव्हाही दुसरे क्रियापद वापरीत नाही. 'शिल्लाह'चा दुहेरी अर्थ इतक्या नेमकेपणाने पेलणारा शब्द इंग्रजीपाशी नाही. तो आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

म्हणून अझाझेलच्या वाट्याला गेलेल्या बकऱ्यासाठी 'सोडलेला बकरा' असे म्हणावे आणि 'बळीचा बकरा' हे नाव ज्याच्या मानेवर खरोखर सुरी फिरते त्याच्यासाठी राखून ठेवावे, असे सुचवावेसे वाटते. दोन बकरे पुन्हा दोन झाले की कोणत्याही साहित्यकृतीला दोन स्वतंत्र प्रश्न विचारता येतील : येथे कोण मारला गेला? आणि आपली पापे डोक्यावर घेऊन शिवेपलीकडे अजून कोण जिवंत आहे?